एच. आय. व्ही.सह वाढलेली तरुण पिढी आणि वेदनामुक्तीचा प्रश्न

१

दलित साहित्याच्या चर्चेत ‘वेदना’ हा शब्द ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ या शब्दांच्या जोडीने येतो. ही वेदना एकट्या व्यक्तीची नसून समूहाची आहे, ती समाजव्यवस्थेने लादलेली आहे, असे आपण म्हणत आलो. ते खरेच आहे. परंतु या चर्चेत एक साधी गोष्ट मागे राहून गेली. वेदना प्रथम शरीरात होते. ज्याचे डोके रात्रभर ठणकते, ज्याला तोंडातल्या फोडांमुळे घास गिळता येत नाही, ज्याच्या तळपायांची अखंड आग होते, त्याच्या लेखी वेदना हे रूपक नसते. अशी वेदना कमी करण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. त्यातली बहुतेक औषधे महागही नाहीत. तरीही ती कोणापर्यंत पोचतात आणि कोणापर्यंत पोचत नाहीत, हा प्रश्न वैद्यकाचा राहत नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न होतो.

या शास्त्राला इंग्रजीत जे नाव आहे तेच आपल्याकडे रूढ झाले आहे : पॅलिएटिव्ह केअर. मराठीत त्याला उपशामक शुश्रूषा किंवा परिहार सेवा म्हणतात. प्रस्तुत लेखात एच. आय. व्ही.सह जन्मलेल्या आणि आता तरुण झालेल्या मुलामुलींच्या संदर्भात या शुश्रूषेचा विचार करावयाचा आहे. हा विषय निघाला की कार्यकर्त्यांकडूनसुद्धा दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, एच. आय. व्ही. आता गोळ्यांनी आटोक्यात राहतो, मग या शुश्रूषेची गरज काय? दुसरा असा की, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मरणाऱ्या माणसाची सेवा. तरुण पोरांच्या बाबतीत तिचा उच्चार करणे अशुभ आहे. हे दोन्ही आक्षेप एकाच गैरसमजातून निघालेले आहेत. तो आधी दूर करू.

२

सिसिली सॉण्डर्स या इंग्रज बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह सुरू केले. ‘समग्र वेदना’ ही त्यांची मांडणी महत्त्वाची आहे. रुग्णाचे दुखणे शारीरिक असते, तसेच ते मानसिक असते, सामाजिक असते आणि जगण्याच्या अर्थाशीही जोडलेले असते. या चारही अंगांना एकत्र हात घातल्याशिवाय दुखणे हटत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या चळवळीला ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या व्याख्येत, ज्याच्यावर रोग बरा करणाऱ्या उपचारांचा उपयोग होत नाही अशा रुग्णाची काळजी, असा अर्थ होता. २००२ साली संघटनेने ही व्याख्या बदलली. जिवाला धोका असलेल्या कोणत्याही आजारात, अगदी सुरुवातीपासून, मूळ उपचारांच्या बरोबरीने दुःखनिवारण करणे, असा व्यापक अर्थ आला. त्यात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही समावेश झाला. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने याबाबतचा ठराव संमत केला आणि ही सेवा आरोग्यसेवेचा अविभाज्य भाग असावी असे सर्व देशांना सांगितले. म्हणजे ए. आर. टी.च्या गोळ्या आणि पॅलिएटिव्ह केअर यांत ‘हे किंवा ते’ असा पर्याय नाही. गोळी विषाणूला आवरते. माणसाला सावरण्याचे काम गोळी करीत नाही.

आपल्या देशात या दोन गोष्टींच्या इतिहासाची गाठ एका वर्षात पडली आहे. १९८६ साली चेन्नई येथे, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या तपासणीत, भारतातील एच. आय. व्ही.ची पहिली नोंद झाली. ज्यांचे रक्त तपासले गेले त्या शरीरविक्रय करणाऱ्या गरीब स्त्रिया होत्या. त्याच १९८६ साली मुंबईत शांती अवेदना हे देशातील पहिले शुश्रूषागृह उभे राहिले. आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषध कसे द्यावे याची पद्धत प्रसिद्ध केली. रोग आला त्याच वर्षी वेदनेवरचा उपायही आला होता. परंतु येथील व्यवस्थेने रोगी आणि उपाय यांची भेट होऊ दिली नाही. रोग्याच्या वाट्याला दुसरेच काही आले.

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाचे उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. रक्तदानानंतर त्याच्या रक्तात विषाणू सापडला आणि १९८९ साली सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली पोलिसांनी त्याला धरून नेले. त्याला चौसष्ट दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. गुन्हा काही नव्हता. तो बाहेर आला, संघटना उभी करून लढला आणि १९९२ साली वारला. आजारी माणसाला औषध देण्याआधी पहारा देणे, ही आपल्या देशाची या रोगाबाबतची पहिली प्रतिक्रिया होती.

३

आता ज्यांच्याविषयी हा लेख आहे त्यांच्याकडे वळू. त्यासाठी एका मुलीची कल्पना करू. ती कोणी एक विशिष्ट मुलगी नाही. परंतु सांगली, सातारा, सोलापूर, बीड, लातूर या भागांत ज्यांनी काम केले आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल.

ती २००३ साली जन्मली. बाप ट्रकवर होता किंवा ऊसतोडीला जाणारा होता. गरोदरपणी काहीच उपचार झाले नाहीत तर आईकडून मुलाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतके असते. योग्य उपचार मिळाले तर ते पाचाच्याही खाली येते. तिच्या आईला ते उपचार मिळाले नाहीत. सरकारी केंद्रातून मोफत ए. आर. टी. देण्यास १ एप्रिल २००४ रोजी, महाराष्ट्र धरून सहा राज्यांत, सुरुवात झाली. तोवर बाप गेला होता. लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय उपचार कार्यक्रम २००६ च्या नोव्हेंबरअखेरीस सुरू झाला. त्याआधी मोठ्या माणसांच्या गोळ्या मोडून लेकरांना द्याव्या लागत. त्या दोन-अडीच वर्षांत आईही गेली. तीन वर्षांची पोर आजीच्या पदरात पडली.

आजीने तिला वाढवली. दर महिन्याला एस. टी.ने सिव्हिलला नेली. “ही ताकदीची गोळी आहे, रोज घ्यायची,” एवढेच आजीने सांगितले. गोळी कशाची हे सांगायला आजीजवळ शब्द नव्हते आणि केंद्रात रांगेपुढे वेळ नव्हता. शाळेत पोर हुशार निघाली. चौदाव्या वर्षी सिव्हिलच्या भिंतीवरचे फलक वाचता वाचता तिला कळले की आपल्याला काय झाले आहे. तिने ते कोणाला विचारले नाही. आजीनेही सांगितले नाही. एकाच खोपटात दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवीत राहिल्या.

सतराव्या वर्षी तिने गोळ्या बंद केल्या. वसतिगृहात गोळीची बाटली कोणाला दिसेल ही भीती होती. शिवाय, जी गोळी आपल्या आईबापाच्या मरणाची रोज आठवण करून देते ती का घ्यायची, असाही एक निमूट नकार त्यात होता. विशीत ती पुन्हा सिव्हिलला आली, तेव्हा सीडी-४ शंभराच्या खाली घसरला होता आणि डोके इतके दुखत होते की उजेड सहन होत नव्हता. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला होता.

या कहाणीत वैद्यकीय उपचार कोठे चुकले असे विचारले तर उत्तर मिळेल : कोठेच नाही. गोळ्या मोफत होत्या, केंद्र होते, नोंदवहीत तिचे नाव होते. मग जे चुकले त्याला काय म्हणायचे? जे चुकले ते सारे पॅलिएटिव्ह केअरच्या कक्षेतले होते. सतरा वर्षे तिचे दुखणे होते आणि ते कोणाच्या कामाच्या यादीत नव्हते.

देशात एच. आय. व्ही.सह जगणाऱ्यांची संख्या सुमारे पंचवीस लाख आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे चार लाखांचा आहे. त्यात जन्मतः लागण झालेल्यांची पिढी लहान आहे, म्हणूनच ती दिसत नाही. लहान होती तेव्हा तिच्यावर दया करणारे पुष्कळ होते. अठरा पूर्ण होताच बालगृहाचे दार बंद होते, बालरोगतज्ज्ञ बदलतो, केंद्राची खोली बदलते. पुढे तीन वर्षे अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, परंतु ती किती जणांना ठाऊक आहे? ज्या वयात आधाराची गरज सर्वांत अधिक, त्याच वयात सारे हात एकदम सुटतात.

४

समग्र वेदनेची अंगे आता या मुलीच्या संदर्भात एकेक करून पाहू.

पहिले अंग शरीराचे. डोकेदुखीवर नुसती वेदनाशामक गोळी देणे हे या ठिकाणी पुरेसे नाही. या आजारात मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो. मणक्यातून सुई घालून ते पाणी काढले की दाब उतरतो आणि डोके हलके होते. कित्येकदा हे पुनःपुन्हा करावे लागते. खेड्यात मात्र अशी समजूत आहे की, मणक्यातले पाणी काढले की माणूस लुळा पडतो. आजी नको म्हणते, सही करीत नाही. येथे पाऊण तास बसून, चित्र काढून, आजीला समजावून सांगणे हाच वेदनेवरचा उपचार आहे. तो करायला डॉक्टरच हवा असे नाही. परंतु कोणीतरी हवे. बुरशीवरची औषधे, तोंडातील व अन्ननलिकेतील चट्ट्यांवरचे औषध, नागिणीनंतर राहणारी आग, तळपायांच्या नसांची जळजळ, उलट्या, जुलाब, घाम, झोप न येणे – या प्रत्येकावर उपाय आहे. नसांच्या आगीवर ॲमिट्रिप्टिलीनसारखी साधी, स्वस्त गोळी थोड्या मात्रेत चालते. पूर्वी पहिल्या फळीत असलेल्या स्टॅव्ह्युडीन या औषधानेच कित्येकांच्या नसा दुखावल्या होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. वेदना रोगाची असते तशी ती उपचाराचीही असू शकते. क्षयावरचे रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोलुटेग्राविरची मात्रा वाढवावी लागते, आणि त्याच रिफाम्पिसिनने मॉर्फिनचा परिणामही कमी होतो. म्हणून दुखणे मोजणाऱ्याला गोळ्यांचा सगळा हिशेब माहीत हवा.

दुसरे अंग सत्याचे. शाळकरी वयात, म्हणजे सहा ते बारा या वर्षांत, मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने आजाराचे नाव सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सांगितले आहे. प्रथम ‘रक्तात एक किडा आहे, गोळीने तो झोपतो’ इतके, मग गोळी चुकली तर काय होते ते, मग नाव, मग तो कसा आला, आणि त्याचबरोबर, आई दोषी नव्हती हे. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या मुलाला नाव कळते पण निर्दोषता कळत नाही, ते मूल आईवर रागावते, नाही तर स्वतःवर. फलक वाचून जे कळते त्यात ही निर्दोषता नसते. सत्य सांगणे ही औषधाइतकीच काळजीपूर्वक द्यावयाची गोष्ट आहे. आणि ती न देणे ही निष्काळजीच होय.

याच सत्याचा दुसरा भाग आशेचा आहे. गोळ्या नेमाने घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचारांखाली असलेल्या स्त्रीला निरोगी मूल होऊ शकते. ही गोष्ट शास्त्राने निर्विवाद सिद्ध केली आहे. वीस वर्षांच्या मुलीला हे माहीत असणे आणि नसणे यात किती अंतर आहे! ‘माझे लग्न होणार नाही, मी कोणाला शिवू नये’ असे समजून जगणाऱ्या मुलीला मॉर्फिनने नव्हे, या एका वाक्याने बरे वाटते.

तिसरे अंग समाजाचे. येथे आपल्याला थोडे थांबले पाहिजे, कारण हा रोग ज्या प्रकारे वागविला गेला तो प्रकार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वेगळी कपबशी, वेगळी बसायची जागा, पाणी वरून ओतणे, मयताला खांदा द्यायला माणसे न येणे. स्पर्शाने हा विषाणू पसरत नाही, हे शास्त्र फार पूर्वीच सांगून चुकले. तरीही सुशिक्षित माणसे, इतकेच काय, रुग्णालयातील माणसेसुद्धा, हात लावायला कचरली. केवळ अज्ञान हे त्याचे कारण असते तर माहिती मिळताच ते संपले असते. वस्तुतः माणसाला विटाळ मानण्याची सवय या समाजाच्या अंगात आधीच मुरलेली होती. विषाणूला ती आयती मिळाली.

परंतु हे म्हणताना बोट केवळ दुसऱ्याकडे दाखविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्याही वस्त्यांमध्ये विधवा झालेल्या पॉझिटिव्ह बाईची कपबशी वेगळी ठेवली गेली आहे. तिच्या पोराला अंगणवाडीत बाजूला बसविले गेले आहे. नवऱ्याचा रोग बाईच्या चारित्र्यावर टाकून तिला घराबाहेर काढणारे आपल्यातही निघाले आहेत. पाणवठ्याच्या समतेसाठी लढलेल्या समाजात एका आजारी पोरीचा पेला वेगळा राहत असेल, तर तो आपला पराभव आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

चौथ्या अंगाला पाश्चात्य ग्रंथांत आध्यात्मिक असे म्हणतात. त्या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. ‘मीच का?’, ‘माझ्या जगण्याला काही अर्थ आहे का?’, ‘मी गेले तर माझी आठवण कोणाला राहील?’ हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे कर्मविपाकात शोधणारे लोक रुग्णाच्या खाटेपाशी लगेच जमतात. मागच्या जन्मीचे पाप हे उत्तर आजारी मुलीला देणे, ही तिच्या जखमेवर टाकलेली आणखी एक जखम आहे. तिला हवे असते ते ऐकणारे माणूस, आईचा एखादा फोटो, तिच्याचसारख्या दुसऱ्या मुलामुलींची सोबत, आणि पुढच्या परीक्षेच्या फॉर्मवर तिचे नाव.

५

आता औषधाच्या राजकारणाकडे येऊ. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. ते अफूपासून बनते. अफूची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने गाझीपूर आणि नीमच येथे आहेत. गाझीपूरचा कारखाना तर कंपनी सरकारच्या काळापासूनचा. जगाला औषधी अफू पुरविणाऱ्या या देशात गरीब रुग्णाला मात्र मॉर्फिनची गोळी मिळेना, अशी अवस्था कित्येक वर्षे होती.

याचे एक कारण कायद्यात होते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गैरवापर रोखण्याच्या नावाखाली परवान्यांची अशी साखळी उभी केली की, रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. त्यानंतर शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या कित्येक तुकड्यांनी ते औषध हातात धरलेही नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन धरून सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरविण्यात आली. मान्यताप्राप्त संस्थेला आता एकाच यंत्रणेची परवानगी पुरते. कायद्याने वाट दिली, पण त्या वाटेवर चालणारी रुग्णालये अजून थोडीच आहेत.

हा प्रश्न जगाचाही आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली दाखवून दिले की, जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८ टन मॉर्फिनसदृश औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला अवघा दशांश टन येतो. वेदना सर्वांना सारखी होते. तिच्यावरील औषधाची वाटणी मात्र वर्गाप्रमाणे होते.

मॉर्फिनबद्दल कार्यकर्त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ते सहसा तोंडाने द्यायचे असते, इंजेक्शनची गरज क्वचितच पडते. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. रुग्ण विव्हळू लागेपर्यंत थांबायचे नसते. त्याने बद्धकोष्ठ हमखास होतो, म्हणून सारक औषध सोबतच सुरू करावे लागते. आणि वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेणारा माणूस सहसा व्यसनी होत नाही. लहान मुलांसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली दोनच पायऱ्या ठेवल्या : आधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, आणि त्याने भागले नाही तर थेट मॉर्फिन. ‘लहान आहे, सोसेल’ या म्हणण्याला शास्त्रात आधार नाही.

६

गरिबीमुळे हे जमत नाही, असे जे म्हणतात त्यांनी युगांडाकडे पाहावे. तेथे एच. आय. व्ही.ने घरेच्या घरे रिकामी केली होती. १९९३ साली डॉ. ॲन मेरिमन यांनी कंपाला येथे हॉस्पिस आफ्रिका ही संस्था सुरू केली. मॉर्फिनची भुकटी पाण्यात मिसळून पातळ औषध करायचे आणि बाटलीत भरून रुग्णाच्या घरी द्यायचे, ही साधी, स्वस्त पद्धत त्यांनी अवलंबिली. परंतु खेड्यात डॉक्टरच नव्हते. तेव्हा २००४ साली त्या देशाने नियम बदलला आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. डॉक्टर नाही म्हणून वेदना सोसा, असे त्या गरीब देशाने आपल्या माणसांना सांगितले नाही. हा धडा मोठा आहे.

दुसरे उदाहरण घरचे आहे. केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी वेदना उपशमनाचे केंद्र काढले. पुढे ते रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडले. शेजारपाजारचे शिक्षक, विद्यार्थी, रिक्षाचालक, गृहिणी यांना शिकवून त्यांनी घरोघर जाणाऱ्या स्वयंसेवकांची फळी उभी केली. २००८ साली राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण जाहीर केले आणि पंचायतींवर त्याची जबाबदारी आली. त्याने एक गोष्ट सिद्ध झाली : या शुश्रूषेतला मोठा भाग डॉक्टरांचा नसून समाजाचा आहे. जेथे संघटित समाज आहे तेथे ती उभी राहू शकते. आपल्या चळवळीजवळ पैसा नसेल, परंतु संघटनेची परंपरा आहे, वसतिगृहे आहेत, वस्तीवस्तीत माणसे आहेत.

७

तेव्हा प्रत्यक्षात करावयाचे काय?

प्रथम कायदा समजून घ्यावा. एच. आय. व्ही. आणि एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. शिक्षण, नोकरी, उपचार, घरभाडे यांत भेदभाव करण्यास त्याने बंदी केली आहे. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असलाच पाहिजे. या कायद्याच्या ३२ व्या कलमाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. आईबाप गमावलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचे समंजस भावंड, जे घर चालवीत असेल, ते धाकट्याचे पालक होऊ शकते. त्याची सही शाळेत, रुग्णालयात, बँकेत चालते. बारा वर्षांच्या पोरीला पालक व्हावे लागते अशी घरे या देशात आहेत, हे कायद्याने मान्य केले. त्या घरांत जाऊन, तुला हा अधिकार आहे असे सांगणारे कोणी आहे काय?

शिक्षकांनी मुलाची स्थिती शोधून काढू नये. ती विचारण्याचा त्यांना अधिकार नाही. परंतु महिन्यातून एकदा सिव्हिलला जाणाऱ्या मुलाची गैरहजेरी माफ करणे, वसतिगृहात प्रत्येक मुलाला कुलूप लावता येईल असा एक कप्पा देणे, इतके ते कोणालाही काही न विचारता करू शकतात. गोळीची बाटली ठेवायला जागा मिळाली असती तर आपल्या कल्पनेतल्या मुलीने कदाचित गोळ्या सोडल्या नसत्या. कधी कधी वेदनेवरचा उपाय एक कुलूप असते.

विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. येथे पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे काय? मॉर्फिनच्या गोळ्या आज कपाटात आहेत काय? ए. आर. टी. केंद्रातून त्या विभागाकडे रुग्ण पाठविला जातो काय? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागितली तरी पुष्कळ काही हलेल. गोळ्या सोडून गेलेल्यांना रागावून परत आणता येत नाही. ‘का सोडल्यास?’ असे विचारण्याऐवजी ‘कशाचा त्रास होत होता?’ असे विचारणारे माणूस तेथे बसले पाहिजे. आणि ते स्वतः याच वाटेने गेलेले तरुण असेल तर उत्तम.

आणि शेवटी मरणाविषयी. त्या मुलीचा आजार असा आहे की यातून काही वाचतात, काही वाचत नाहीत. वाचली तर तिला पुन्हा गोळ्यांकडे, शिक्षणाकडे, मैत्रिणींकडे परत यायला हात हवा. वाचली नाही तर शेवटचे दिवस न तळमळता, आजीच्या जवळ, हाताला कोणाचा तरी उघडा हात लागलेला असताना जाता यावे. नंतर आजीकडेही कोणी जावे. दोन्ही वाटांवर लागणारी शुश्रूषा एकच आहे. म्हणूनच ती मरण दिसू लागल्यावर नव्हे, पहिल्या गोळीच्या दिवशी सुरू झाली पाहिजे.

ही दयेची मागणी नाही. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि ती लहान, गोजिरवाण्या मुलावर होते. रागावलेल्या, गोळ्या फेकून देणाऱ्या, उलट बोलणाऱ्या तरुण मुलामुलींवर ती होत नाही. त्यांच्यासाठी हक्कच हवा. वेदनेला शब्द देण्याचे काम आपल्या साहित्याने केले. त्या शब्दापाठोपाठ औषध, माणूस आणि स्पर्श त्या खाटेपर्यंत पोचविणे हे आता चळवळीचे काम आहे.